वरचं मॉडेल घ्यावं की खालचं

२०२३ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि गाडीच्या बाबतीत माझा शब्द तोवर एकदाही खोटा पडला नव्हता. म्हणजे पडला असेल, पण ते चारचौघांना कळलं नव्हतं. माणसाचा मान बहुतेक असाच टिकतो.

मी महादू मिस्त्री. गाव जानेफळ, तालुका मेहकर. शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजी आमच्या शेजारी राहत होते म्हणून. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलं आहे. अक्षर वाचून संपादक साहेबांचे डोळे दुखले असतील तर त्यांनी चष्मा बदलून घ्यावा. ते म्हणाले होते, जन्मापासून सुरू करा. जन्मापासूनचं काय सांगायचं? रडत आलो, हातात पाना आला, रडणं थांबलं. पन्नास वर्षं जीपच्या खाली उताणं पडून गेली. माझ्याएवढं गाडीचं पोट कोणी पाहिलं नसेल आणि माझ्याएवढं गाडीचं तोंड कोणी कमी पाहिलं नसेल.

पण गॅरेज हे माझं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ‘गाडी पाहणं’. शहरातल्या माणसाला हे कळायचं नाही म्हणून सांगतो. बैलजोडी घ्यायला जाताना आमच्याकडे दात पाहणारा जाणता माणूस सोबत नेतात. तशी गाडी घ्यायची झाली की मिस्त्रीला नेतात. मी सोबत माझं पोतं नेतो. पोतं अंथरायचं, खाली शिरायचं, ठोकून, वास घेऊन, हात लावून पाहायचं. मग बाहेर येऊन एक शब्द बोलायचा, ‘घे’ किंवा ‘नोको घेऊ’. जास्त बोलणारा मिस्त्री आणि जास्त बोलणारा डॉक्टर, दोघांनाही रोग सापडलेला नसतो.

या कामाचे मी पैसे घेत नाही. पैसे घेतले की शब्द विकत घेतल्यासारखा होतो. मला टॉवेल-टोपी देतात. कपाळाला कुंकू, डोक्यावर टोपी, खांद्यावर नवा टॉवेल. एकदा टॉवेल खांद्यावर पडला की शब्द बदलायचा नाही, घेणाऱ्यानंही अन् सांगणाऱ्यानंही. आमच्या घरात अशा टॉवेलांची एक पेटी भरलेली आहे. आमच्या घरची, म्हणजे कौसल्या, दर दिवाळीला त्यांना ऊन देते आणि दर वेळी म्हणते, “येवढे टॉवेल पुसाले तुमाले आंग कुठी हाय?”

सुलतानपूरच्या एका गुरुजींनी जुनी जीप पाहायला नेलं होतं. इंजिन इतकं स्वच्छ धुतलेलं की त्यात जेवण वाढावं. मी म्हणालो, “गुरुजी, नोको घेऊ. ज्याचं तेल गळते तोच रोज धुते.” गुरुजींना रंग आवडला होता. त्यांनी घेतली. घरी येईपर्यंत त्या जीपचा हॉर्न सोडून सगळं वाजत होतं. पुढं ते आपणहून आले आणि म्हणाले, मिस्त्री, विद्यार्थी मी आहे.

आता एक लपवलेली गोष्ट. वडनेर भोलजीच्या एका भल्या माणसासाठी मी एक पांढरी गाडी पाहिली होती. गाडीत खोट काढायला जागा नव्हती. पण विकणाऱ्या दलालानं मला म्हटलं, “आजोबा, जरा बाजूला व्हा, गाडीला फडकं मारू द्या.” मी तेव्हा साठीचाही नव्हतो. मी म्हणालो, “नोको घेऊ.” त्यानं ऐकलं, माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि दुसरीच गाडी घेतली, जी दोन वर्षांत बसली. ती पांढरी गाडी दुसऱ्या कुणीतरी घेतली. ती अजून या रस्त्यानं पळते. ती दिसली की मी पाठ फिरवून उभा राहतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. कुणाला माहीतही नाही, असा माझा समज होता.

आता दिनकरची गोष्ट. दिनकर आमच्या गावचा बागायतदार. टमाटे, मिरची, कांदा. माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, माणूस गरीब गाईसारखा. तो, त्याची बायको सुमन आणि मुलगा निलेश असे तिघं मळ्यातच राहतात. डांबरी रस्त्यापासून मळा दोन किलोमीटर आत. मधी पांदण, म्हणजे शेतातून जाणारी कच्ची वाट, आणि त्या पांदणीला आडवा एक नाला. आमची काळी माती ज्यानं पाहिली नाही त्याला सांगतो, ती पावसात चप्पल ठेवून घेते. पावसाळ्यात त्यांच्या घरी पाहुणा गेला की दोन दिवस राहूनच येतो. प्रेमानं नाही, निघता येत नाही म्हणून.

तर दिनकरनं चिखलात चालणारी एक उंच गाडी घ्यायचं ठरवलं. गाडी एकच, मॉडेलं दोन. खालचं आणि वरचं. फरक साडेतीन लाखाचा. निलेशला वरचं पाहिजे होतं. सुमनचं म्हणणं होतं, खालचं घ्या आणि उरलेल्या पैशात कांदाचाळ बांधा. आदल्या साली तिचा कांदा घरामागं ताडपत्रीखाली सडला होता. नाकाला पदर बांधून आठ दिवस एकटीनं निवडला तिनं. या साली तिनं गोठ्याच्या मागं चाळीची जागा आखून चार कोपऱ्यांत चार खुंट्या ठोकल्या होत्या, दोरीसुद्धा बांधली होती. दिनकरला बायकोचंही पटत होतं आणि मुलाचंही. म्हणून तो माझ्याकडे आला.

“मिस्त्रीदादा, आता तुमी म्हनसान ते.”

आम्ही शोरूमला गेलो. तिथली फरशी इतकी गुळगुळीत की पोतं अंथरलं तर तेच घसरायला लागलं. मी गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकून बसलो. पूनम नावाची एक पोरगी तिथं गाड्या दाखवायला होती. ती धावत आली.

“काका, काही पडलं का तुमचं?”

“चाकाचं कुलूप पाहून राह्यलो,” मी म्हणालो.

हे थोडं समजावून सांगतो. साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना जातो. बाकीची दोन वऱ्हाड्यांसारखी, सोबत येतात, कामाला हात लावत नाहीत. चार चाकांच्या गाडीत जोर चौघांनाही देता येतो. आमच्या जुन्या जीपला हा जोर लावायचा तर खाली उतरून, चिखलात गुडघे टेकून, पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर असलेला खटका हातानं फिरवायचा. मग आत येऊन दांडी ओढायची. घर्र आवाज यायचा, गाडी अंग झाडायची आणि निघायची. त्या खटक्यालाच आम्ही कुलूप म्हणायचो.

“आता तसं नसतं काका,” पूनम म्हणाली. “आत गोल बटण आहे. फिरवलं की झालं.”

मग तिनं वरच्या मॉडेलात काय काय जास्त आहे ते वाचून दाखवलं. खुर्चीतून गार हवा येते. मी म्हणालो, नोको. तोंडानं सांगितलं की गाडी ऐकते. मी म्हणालो, घरात कोनी ऐकत नाही, गाडीचं काय घेऊन बसली, नोको. छताला खिडकी. निलेश म्हणाला, “बाबा, ते पाह्यजेच.” मी म्हणालो, नोको. शेवटी राहिला तो चार चाकांचा जोर. मी म्हणालो, “येवढं खालच्या मॉडेलात लावून दे.”

“तसं मिळत नाही काका. चार चाकं फक्त वरच्या मॉडेललाच आहेत.”

म्हणजे चिखलातून निघायचं असेल तर छताला खिडकी घ्यावीच लागते. हा धंद्याचा कावा मला त्या दिवशी कळला. मी दिनकरला म्हणालो, “गाडी मळ्यात आनाले सांग. फरशीवर सगळ्याच गाड्या चालतात. पांदण जे बोलंल ते खरं.”

चार-पाच दिवसांनी पूनम वरच्या मॉडेलची गाडी घेऊन आली. परतीचा पाऊस तीन दिवस पडून गेला होता. पांदण अशी झाली होती की तिच्याकडे पाहूनच पाय जड व्हावेत. मी चालवायला बसलो. दिनकर माझ्या शेजारी, पूनम आणि निलेश मागं. निलेश लगेच छताच्या खिडकीतून कमरेइतका बाहेर निघून मोबाइल घेऊन उभा राहिला. लग्नातला नवरदेव जसा.

डांबर सुटलं. गाडी चालू असतानाच मी ते गोल बटण धरलं आणि फिरवत फिरवत पार शेवटच्या खुणेवर नेलं. जे काय असेल ते सगळ्यात जास्त शेवटीच असणार. चष्मा खिशात होता, काढला नाही. चार माणसांत मिस्त्रीनं बटण पाहायला चष्मा काढावा, हे मला शोभलं नसतं.

“काका, एक मिनिट, ते आधी...” मागून पूनम म्हणाली.

“पोरी, तुहा जन्म व्हाच्या आधीपासून मी चार चाकं लावून राह्यलो.”

समोर काट्यांच्या मध्ये एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मला वाटलं, गाडी ‘हाव’, म्हणजे ‘हो’, म्हणते आहे.

मग मी गाडी काढली. कशी काढली ते सांगतोच, कारण तेवढं माझं खरं आहे. चिखलात गाडी ॲक्सिलेटरच्या जोरावर निघत नाही. पाय हलका ठेवायचा, ब्रेकला हात-पाय काही लावायचा नाही, एक बाजूचं चाक बांधावरच्या गवतावर धरायचं आणि घसरली तर तिच्याशी भांडायचं नाही, थोडं तिचं ऐकायचं. नाल्यात उतरलो तेव्हा गाडी अर्धा हात तिरकी झाली. वर निलेशनं “अबे, अबे, अबे” केलं आणि चिखलाचा एक गोळा त्याच्या तोंडावर बसला. मग गाडीनं दम घेतला आणि आरामात पलीकडं चढली.

“पाह्य दिनकर,” मी म्हणालो, “पुढची चाकं कशी ओढून राह्यली! बसल्या जागी लागते का बुडाले?”

“लागते, लागते,” दिनकर म्हणाला.

मळ्यात सुमन अंगणात उभी होती. तिनं गाडीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“मिस्त्रीभाऊ, खरं सांगजा. खालच्या मॉडेलनं निंघाली असती का नाही?”

तिनं इतकं सरळ विचारलं होतं. मी माझं उत्तर आजही विसरलो नाही. मी म्हणालो, “खालचं मॉडेल आत्ता नाल्यात असतं, सुमनबाई, आन् आपन सगळे बैल शोधत असतो.” आणि दिनकरला म्हणालो, “घे वरचं.”

निलेश चिखलाच्या तोंडानं हसला. दिनकरनं आतून ताट आणलं. कुंकू, टोपी, टॉवेल. उद्या दहा वाजता शोरूमला जाऊन पैसे भरायचे ठरले. चहा ठेवून सुमन गोठ्याच्या मागं गेली. मी बसलो होतो तिथून दिसत होतं. ती एकेक खुंटी हलवून हलवून उपटत होती. ओली जमीन, पण तिनं खोल ठोकल्या होत्या. निघता निघत नव्हत्या.

परत येताना गाडी पूनमनं चालवली, मला गावात सोडायचं म्हणून. पांदणीच्या तोंडाशी तिनं गाडी पूर्ण थांबवली. गिअर मोकळा केला. मग बटण फिरवलं. खालून कट्ट आवाज आला आणि पिवळा दिवा लुकलुकायचा थांबून एकसारखा पेटला.

“काका, हे एवढं निलेशदादांना सांगून ठेवा हं,” ती म्हणाली. “शेवटच्या खुणेवर न्यायचं तर आधी थांबायचं, गिअर मोकळा करायचा. चालत्या गाडीत फिरवलं तर चार चाकं लागत नाहीत. दिवा नुसता लुकलुकत राहतो. फसतील बिचारे.”

मी त्या दिव्याकडं पाहिलं. मग विचारलं, “आन् मंघाशी?”

“मघाशी लुकलुकतच होता ना काका. तुम्ही सगळी पांदण दोनच चाकांवर काढली.” ती माझ्याकडे वळून हसली. “मी सहा वर्षं गाड्या दाखवते. अशी काढलेली मी कुणाचीच पाहिली नाही.”

माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी शाबासकी त्या पोरीनं मला त्या गाडीत दिली. आणि ती मी कुणालाच सांगू शकत नव्हतो. सांगितली तर दिनकर विचारणार, दोन चाकांवर निघाली तर साडेतीन लाख कायचे? नाही सांगितली तर सुमनच्या चार खुंट्या. पुढची चाकं ओढत नव्हती. आणि मी ती दिनकरच्या बुडाला लागतात असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

“तू तव्हाच काऊन नाही सांगितलं?” मी चिडून विचारलं.

“तुम्ही सांगू दिलं नाही काका.”

घरी आलो. कौसल्यानं टॉवेलाची घडी केली आणि पेटीकडं चालली. मी म्हणालो, “पेटीत नोको टाकू. खुंटीवर राहू दे.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. “काऊन? गाडीत खोट निंघाली काय?”

“गाडीत नाही.”

भाकरी थापायला बसता बसता ती म्हणाली, “मंग त्या पांढऱ्या गाडीवानी झालं काय?”

म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं. माझी पाठ फिरवणं तिनं केव्हा पाहिलं कोण जाणे. मी भाकरी खाल्ली, पण तिला दुसरी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी टॉवेल आणि टोपी घेतली आणि निघालो. फोनवर सांगता आलं असतं. पण टॉवेल फोनवरून परत देता येत नाही. डांबरी रस्त्यापर्यंत दुधाच्या गाडीवर गेलो, पुढं पायी. शंभर पावलांत पहिली चप्पल गेली, नाल्यात दुसरी. टॉवेलला डाग लागू नये म्हणून तो मी डोक्यावर धरला होता. मळ्यात पोचलो तेव्हा मी गुडघ्यापर्यंत काळा होतो.

सुमन अंगण झाडत होती. मला पाहून खराटा थांबला.

“माय माय, मिस्त्रीभाऊ! तुमचे चार चाकं कुठी गेले?”

दिनकर बाहेर आला, आंघोळ झालेली, पैसे भरायला जायचा पांढरा शर्ट घातलेला. मागून निलेश. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. चष्म्यापासून लुकलुकत्या दिव्यापर्यंत. मधी कुणाला बोलू दिलं नाही, कारण कुणी बोललं असतं तर मी कदाचित थांबलो असतो. शेवटी म्हणालो, “पुढची चाकं नुसती संगं आलती, दिनकर. गाडी दोन चाकांवर निंघाली. माह्या हातानं निंघाली हे खरं, पन निलेशले ते शिकवता येते. शिकवतो मी. खालचं घे. नाल्याच्या दोन्ही चढांवर चार ट्रॉल्या मुरूम टाक. उरल्यात काय करायचं ते घरात इचार.”

दिनकर माझ्या पायांकडं पाहत राहिला. मग हसून हसून त्याचं पोट हलायला लागलं. “मिस्त्रीदादा,” तो म्हणाला, “मले तं खरंच लागून राह्यली होती हो बुडाले!”

“मंग सनरूफ?” निलेशनं विचारलं.

“अबे, वावरात राहतं तू. अजून किती उघडं आभाळ पाह्यजे तुले?” मी म्हणालो.

तो रुसला. एका दिवसात जायचा तो राग नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचंही काही चुकलं नव्हतं. त्या वयात मलाही छताची खिडकी पाहिजे असती. मी टोपी आणि टॉवेल दिनकरपुढं धरले. त्यानं हात मागं घेतला. दिलेला टॉवेल परत कसा घ्यायचा, ते त्याला माहीत नव्हतं. तसा परत आमच्याकडं कधी कुणी दिलाच नव्हता. आम्ही दोघं तसेच उभे, मधी टॉवेल.

सुमन गोठ्याच्या मागं गेली आणि चार खुंट्या आणून अंगणात टाकल्या. मग माझ्या हातातून टॉवेल घेतला, झटकला, घडी मोडली आणि परत माझ्याच हातात दिला.

“पाय पुसा आधी,” ती म्हणाली. “मंग चहा घ्या. अंगन आत्ताच झाडलं मी.”

पेटीत चाळीसेक टॉवेल आहेत. त्यातला एकही मी अंगाला लावलेला नाही. मी ओट्यावर बसलो आणि त्या टॉवेलानं आधी उजवा पाय पुसला, मग डावा.